मागाहून भरलेला आवाज

“ती बोटं बघ. अर्धीच. याला म्हणतात मेकअप,” जावई म्हणाला.

पडद्यावर कबरी फोडून मढी वर येत होती. इटलीतला हा जुना सिनेमा जावयाने तरुणपणी कॅसेटवर इतक्यांदा पाहिला होता की त्यातली निम्मी मढी त्याच्या घरोब्यातली झाली होती. आता कुणीतरी मूळ रिळं धुऊनपुसून त्याची नवी डिस्क काढली होती. कॅसेटवर जिथे नुसता काळोख वळवळायचा, तिथे आता मढ्यांचे दात मोजून घ्यावेत इतकं लख्ख दिसत होतं. सुट्टीची दुपार होती. बायको शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. असल्या सिनेमाकडे ती ढुंकूनही बघत नसे. बोटं म्हटल्यावर मात्र तिची मान वर झाली.

“तो मेकअप नाही,” ती म्हणाली. “ते बाबा आहेत.”

जावयाने हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटून त्याने चित्र थांबवलं.

उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून गेलेली. तिचा बाप जहाजावर सुतार होता, आणि करवतीने ती बोटं नेली होती. बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता, पण तीच दोन थोटकं धरून ती चालायला शिकली होती. चेहरा इथेही पुरता उरला नव्हता. अर्धा गाल किड्यांना बहाल केलेला. उरलेला अर्धा ती रोज आरशात बघत होती.

बापाची गोष्ट घरात कुणी काढत नसे. गल्लीत त्याचं नाव बडबड्या. हा झोपेत गप्पा मारायचा आणि शेजारचा झोपेतच हुंकार द्यायचा, अशी त्याची ख्याती. अशा माणसाने तापात कान गेलेल्या मुलीशी लग्न केलं तेव्हा लोक म्हणाले, पोरगी सुटली. पण ती पोरगी ओठांवरून सगळं वाचायची. हळूहळू तोही तिच्याशी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलू लागला. भरल्या घरात, पाहुण्यांच्या डोक्यांवरून दोघांचा संसार चालायचा आणि कुणाला पत्ता नसायचा.

मग त्याचं जहाज इटलीच्या एका बंदरात अडकून पडलं. बाकीचे खलाशी परतले, हा राहिला. थोरला भाऊ म्हणाला, “तिकडे ठेवली असेल एखादी. ऐकणारी.” पुढच्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने तिकडेच गेल्याचं कळलं. मातीही तिकडेच झाली. त्याच्या बायकोने रडणं उरकलं, शिवणयंत्रावर लेकीला वाढवलं, पण त्याचा फोटो काही भिंतीवर लागला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “पाठ फिरवून गेलेल्या माणसाचं तोंड कशाला बघायचं?”

“आईला यातलं काही कळता कामा नये,” लेक दबक्या आवाजात म्हणाली. “ती इकडे वाट बघत बसली आणि हा माणूस तिकडे सोंगं करत फिरत होता. हे आणि कशाला तिच्या डोक्यावर?”

“अगं, पण बाबांचं हलतं चित्र—”

“पण नाही नि बिण नाही. काढा ती डिस्क.”

ओठ वाचणाऱ्या माणसाच्या घरात कुजबुजण्याला काही अर्थ नसतो, हे इतक्या वर्षांनीही लेकीच्या अंगवळणी पडलं नव्हतं. आई दारात उभी होती, आणि लेकीचं तोंड दाराकडे होतं.

“कुठे आहे?” आईने विचारलं.

आईने पडद्याकडे पाहिलं. पुढे आलेला हात पाहिला. खुर्ची ओढून ती अगदी टीव्हीसमोर बसली.

“चालू करा, जावईबापू.”

त्याने बायकोकडे पाहिलं आणि चालू केलं.

खोलीभर विव्हळणं पसरलं, खोल, घोगरं, विहिरीतून आल्यासारखं. लेकीने कानांवर हात ठेवले.

“हा त्यांचा आवाज नाही,” जावई हळूच तिला म्हणाला. “तिकडे तेव्हा चित्रीकरणात आवाज घेतच नसत. सगळा मागाहून भरायचे. मढ्यांना एवढंच सांगायचे, तोंडं हलवा, मनाला येईल ते बोला.”

बाप थेट समोर आला. डोळे पडद्याबाहेर रोखलेले. जबडा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यावर तेच परकं विव्हळणं.

“पुन्हा,” आई म्हणाली.

जावयाने चित्र मागे नेलं.

“पुन्हा.”

तिसऱ्या खेपेला त्याच्याबरोबर तिचेही ओठ हलू लागले. मग थांबले. शिवणयंत्रावर वाकून वाकून घट्ट झालेले तिचे खांदे एकाएकी सैल पडले. लेक घाबरली. आईसमोर गुडघ्यांवर बसून तिने विचारलं, “काय झालं गं? काय म्हणतायत ते?”

आईने तिला हातानेच बाजूला सारलं. मध्ये कुणी यायला नको होतं.

“मला म्हणतोय,” ती म्हणाली, “घाबरू नकोस, वेडे. नुसता रंग आहे.”