तेंगू कड्यावरचा तोगासावारा

"हे झाड कुठलं?" एवढंच लिहून शिओमीने फोटो पाठवून दिला.

फोन त्याच्या बायकोचा होता. नोबुएला झाडांचं वेड. सुट्टीच्या दिवशी डोंगरात भटकायचं, दिसेल त्या पानाचा फोटो काढायचा आणि झाडं ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा, हा तिचा उद्योग. शिओमीचं खाली शिंगू गावात केस कापायचं दुकान. "तुला तुझी झाडं, मला माझी डोकी," म्हणून तो तिला चिडवायचा. वसंतात नोबुए गेली. त्यानंतर त्याला सकाळी उठण्याचं कारणच सापडेना. आज त्याने शटर ओढलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि परत यायचं नाही असं ठरवून तो तेंगू कड्यावर चढला.

कड्याच्या टोकाशी हे झाड उभं होतं. सुयांसारख्या पानांचं, पण त्याच्या ओळखीचं नव्हे. गावात जिकडेतिकडे दिसणारा सुगी नाही, हिनोकी नाही. सगळा डोंगर पिवळा-तांबडा झालेला आणि हे एकटं हिरवंगार. नोबुए असती तर विचारल्याशिवाय हलली नसती. तिच्या वतीने तेवढं विचारून टाकावं, असं त्याला वाटलं. मग झालं.

उत्तर लगेच आलं. कुवाबारा मिसाओ नावाच्या बाईंचं. जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. ग्रुपमध्ये त्यांचा शब्द शेवटचा, असं नोबुए सांगायची.

"नोबुएसान? बऱ्याच दिवसांनी."

"मी तिचा नवरा, शिओमी. ती वसंतात वारली."

मग अक्षरं उमटली. "वाईट वाटलं. त्या फोटो फार छान काढायच्या. तुमचा मात्र हललाय, झाड काही कळत नाही. पान उलटं करून दाखवता का?"

खालची फांदी हाताशी होती. पानाच्या पाठीवर दोन पांढरट रेघा निघाल्या. त्याने फोटो पाठवला.

"टोकाला खाच आहे? बोटावर ठेवून काढा."

खाच होती.

"कुठल्या डोंगरावर आहात?"

त्याने सांगितलं.

"बरं. आता शंकू शोधा. झाडावरचा नको, खाली पडलेला."

त्यासाठी त्याला गुडघे टेकून पाचोळा चिवडावा लागला. बाई वैतागवाणी होती, पण अर्धवट सोडून देणंही बरं दिसेना. शेवटी एक शंकू सापडला. त्याच्या प्रत्येक खवल्याखालून एक बारीक टोक बाहेर आलेलं.

"हा तर जीभ दाखवतोय," त्याने लिहिलं.

"कुणाला?"

"मला."

"मग तुम्हीही दाखवा त्याला. तिथे कोण बघतंय?"

किती तरी महिन्यांनी शिओमीच्या ओठांना हसू शिवलं. ते त्याच्याही लक्षात आलं आणि तो जरा ओशाळला.

मग बाईंना साल हवी झाली. आधी उन्हाकडची, मग सावलीकडची. तरी त्यांची खात्री पटेना. "असं झाड एकटं नसतं. खाली उताराला त्याचं रोप असणार. जाऊन बघा. आणि फोटो काढताना शेजारी तुमचं पाऊल ठेवा, म्हणजे उंची कळेल."

तो उताराला लागला. दगडांच्या खाचा पाहत, मुळांना धरत, बराच खाली आला. तिथे दोन खडकांच्या मध्ये ते रोप होतं. वीतभर उंच. सुया इतक्या मऊ, की नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं जावळ हाताला लागावं. तो त्याच्याकडे बघत बसून राहिला. मग शेजारी बुटातलं पाऊल ठेवून त्याने फोटो पाठवला.

"ओळखलं," बाईंनी लिहिलं. "तोगासावारा. आपल्या या डोंगरांत आणि पलीकडे शिकोकूच्या एका कोपऱ्यात, बस्स. बाकी जगात कुठे नाही. आता वर जाऊ नका, ऊन उतरलंय. तो शंकू मला हवाय. खिशात चुरगळेल, हातात धरून आणा."

शंकू हातात धरून तो खाली आला. रस्त्यावर चौकीतला हवालदार गाडी लावून उभा होता. "शेवटची बस गेली. बसा, सोडतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिओमीने शेजारणीकडून किल्ली परत घेतली.

वर्ष सरता सरता संत्र्यांची पेटी आणि रुमालात गुंडाळलेला शंकू घेऊन तो कुवाबाराबाईंच्या दारी गेला. बाई ठेंगण्या, पाठीला बाक आलेल्या. त्यांनी त्याला आत घेतलं, चहा ओतला. शिओमीने हात गुडघ्यांवर ठेवून चटईला कपाळ लागेपर्यंत मान लववली.

"कुवाबारासान, त्या दिवशी मी तिथे झाड बघायला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "परत यायचंच नव्हतं मला. नाव कळलं की झालं, असं म्हणत होतो. तुम्हाला झाड पटकन ओळखता आलं नाही, म्हणून मी आज इथे बसलोय. तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही."

"पटकन ओळखता आलं नाही? कोण म्हणतं?" बाई शंकू तळहातावर घेत म्हणाल्या. "पहिल्या फोटोतच ओळखलं होतं मी."

शिओमीने मान वर केली. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"त्या फोटोत बुंध्याशी तुमचे बूट होते. कड्याच्या टोकाला, जीव द्यायला आलेली माणसं काढून ठेवतात तसे, जोडीने नीट मांडून ठेवलेले. मला ते तुमच्या पायांत बघायचे होते."