उत्तरेकडचं दार

"तुमच्या घराला दारं किती?" नगरपालिकेची जुनी मोडी दप्तरं वाचणाऱ्या टिकेकरांनी मला विचारलं.

"दोन. पुढचं आणि परसातलं."

"अठराशे बहात्तरच्या घरपट्टीत तीन आहेत. पुढच्या साली दर दारामागे चार आणे पट्टी बसली आणि उत्तरेकडचं दार बुजवलं."

उत्तरेला करड्यांचं घर, मधे सामाईक भिंत. आमचं त्यांच्याशी बोलणं नाही. का, ते माझ्या आजोबांनाही सांगता यायचं नाही.

घरी येऊन मी कपाट सरकवलं आणि ती भिंत ठोकून पाहिली. एका जागी आवाज पोकळ आला. खात्री करायला पुन्हा जोरात ठोकलं.

पलीकडून करडेकाकूंचा आवाज आला. जन्मात पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलत होत्या.

"भिंत काय ठोकतेस गं? पुढच्या दारानं ये की!"