अकरावा गडी

क्लबच्या शताब्दीला सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, "प्रांताच्या पहिल्या सामन्यात सात बळी घेणारे माळी! त्यांचे नातू आम्ही शोधून काढलेत." आणि कुणा अनोळखी गृहस्थाच्या हातात त्यांनी चांदीची ढाल ठेवली.

माझं डोकंच फिरलं. सीमारेषा आखतानाचा चुना हाताला तसाच होता, तसाच स्टेजवर चढलो. "साहेब, ते माझे आजोबा! एक गडी कमी पडला म्हणून गवत कापताना त्यांना बोलावलं होतं. पुढे बारा वर्षं खेळले, आणि प्रत्येक सामना संपला की पुन्हा गवत कापायला."

सेक्रेटरींनी जुनं स्कोअरबुक माझ्या नाकासमोर धरलं. "वाच. दहा जणांची पूर्ण नावं आहेत, अकराव्याचं नुसतं आडनाव. बारा वर्षं, पानोपानी, 'माळी'. तुझं आडनाव माळी आहे?"

"नाही."

"मग खाली उतर. तमाशा नकोय मला इथे."

मी त्यांच्या हातातला माइक हिसकावून घेतला.



"साहेब, तीस वर्षं तुम्ही मला काय म्हणून हाक मारताय?"