पुसट हात

खडेबाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मंजुश्री तिसऱ्यांदा आली होती.

"आप्पांचा हातमाग अंधाऱ्या खोलीत हाय. फ्लॅश मारला की ते डोळे मिटतात. ट्रायपॉड लावला तर माग साफ येतोय, हात मात्र पुसट."

"हलणाऱ्या हाताला ट्रायपॉड काय करणार, आक्का? जास्त उजेड आत घेणारी लेन्स न्ह्या," दुकानदार म्हणाला.

लेन्स घेऊन ती वडगावला घरी आली आणि वडील, आप्पा, विणत असतानाच तिने फोटो काढला. बोटांवरच्या भेगा, नखातला रंग, ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून धावणारा धोटा, सगळं लख्ख आलं.

आप्पांनी कॅमेऱ्यात बराच वेळ बघितलं. "लई झ्याक. पण माग बंद असताना का काढलास?"

"चालूच होता की, आप्पा."

"वाटत न्हाय. थांबलेला माग भिंतीवर लावू नये. माझा तो पुसटच लाव, त्यात हात चाललेला दिसतोय."

मंजुश्री खट्टू झाली. "म्हणजे लेन्स फुकटच गेली."

"फुकट कशी?" आप्पांनी दारातून आत बघितलं. तिची आई सुताच्या कांड्या भरता भरता मधेच उठून तव्यावरची भाकरी उलटत होती.

"तिचा काढ. तीस वर्षं झाली, एका जागी थांबलेली गावली न्हाय. एकदा तरी तिचं तोंड निवांत बघू दे."