हिरोचा एकुलता शर्ट

"बापाचं थोबाड बघून तुला मिळणार काय आहे?" हॉलच्या दारातच म्हातारीनं लेकीला पुन्हा अडवलं.

"आई, पुरे आता. तिकिटं काढलीत मी."

"पैसे मोजून ओकारी विकत घ्यायची म्हणजे कमाल झाली!"

लेक हसली नाही. चाळिशी उलटली तरी तिनं बाप कसा दिसतो ते पाहिलं नव्हतं. घरात त्याचा एकच फोटो होता, तो म्हातारीनं केव्हाच चुलीत घातला होता. आणि आता कोणीतरी हा विसरलेला कृष्णधवल सिनेमा कुठल्याशा गोदामातून उकरून काढला होता. खेड्यातला थरार, कवडीचंही बजेट नाही, तरी मळणी यंत्राचा सीन बघून अंगावर काटा येतो, असं काहीबाही पेपरात छापून आलं होतं. यंत्रापुढे उभं राहायला हिरोची टरकली, म्हणून त्याच्या जागी गावातलाच एक मजूर उभा केला होता. तो मजूर म्हणजे लेकीचा बाप.

हॉलमध्ये कुबट वास होता. खुर्चीला पाठ टेकायचीही म्हातारीला किळस वाटली. पहिल्या रांगेत फुलांचा गुच्छ घेऊन दिग्दर्शक बसला होता. माणूस आता पार वाळला होता, पण ओठ तेच, कायम ओले. बघूनच तिनं पदर नाकाला लावला.

तेव्हाही ती अशीच पदर नाकाला लावून असायची. ही मंडळी महिनाभर गावात ठाण मांडून होती. विहिरीच्या काठावर चुळा भरायची, दिसेल त्या भिंतीवर मुतायची, खरकटं लोकांच्या दारात फेकायची. माशांनी गाव काळं झालं होतं. शूटिंग बघायला अख्खं गाव लोटलं, ही एकदाही फिरकली नाही. नवरा मात्र त्यांच्या मागे मागे लाळ घोटत फिरायचा. बायको पोटुशी आहे, याचंही त्याला भान नव्हतं.

मळणीचा सीन झाला त्या दिवशी खळ्यावर गावातल्या कोणालाही फिरकू दिलं नव्हतं. नवरा त्या रात्री घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच दिग्दर्शक दात कोरत दारात उभा राहिला.

"तुमचे मालक आमच्या गाडीत बसून शहरात गेले. हिरो व्हायचंय म्हणाले. आता त्यांची वाट बघू नका."

इतकं सांगून तो चालता झाला. दुपारी त्यांचा कपडेवाला एक बोचकं घेऊन आला. त्यांचा धुणारा तापानं फणफणला होता आणि खळ्यापासून हिचंच घर जवळ होतं.

"एवढा शर्ट धुऊन द्या, मावशी. रंग लागलाय. उद्या हिरोला हाच घालायचाय, दुसरा आणलेलाच नाही."

तिनं तो शर्ट दगडावर असा आपटला, जणू नवराच तावडीत सापडलाय. बादली लाल झाली. ओतली, भरली, पुन्हा लाल. रंगसुद्धा मेल्यांचा चिवट! एक बाही खांद्यापासून उसवली होती, तीही नवऱ्याच्या नावानं शिव्या घालत तिनं शिवून दिली. त्यानंतर त्या माणसाचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. लेक लहानपणी विचारायची, तेव्हा म्हणायची, "पळपुटा होता, विषय संपला."

पडद्यावर यंत्र धडधडायला लागलं. पाठमोरा माणूस पेंढी आत सारत होता. बाही अडकली. त्यानं एकदाच मागे वळून पाहिलं, तोंड वासलेलं, डोळे बाहेर आलेले. मग पांढऱ्या शर्टावर काळा डाग पसरत गेला. हॉलमध्ये कोणीतरी किंचाळलं.

लेकीनं आईचा हात घट्ट धरला. "आई, माझं नाक त्यांच्यासारखं आहे गं."

"नाटकी मेला," म्हातारी म्हणाली. पण हात सोडवून घेतला नाही.

शेवटच्या सीनमध्ये यंत्रातून वाचलेला हिरो तोच शर्ट घालून हसत शेतातून चालत आला. खांद्यावरची शिवण स्पष्ट दिसत होती.

"ती शिवण माझी," तिनं लेकीच्या कानात सांगितलं. किळस होतीच, पण टाका सरळ आला होता.

दिवे लागले. दिग्दर्शक माईकसमोर आला. लेक उठून उभी राहिली. आईनं ओढलं तरी बसेना.

"मळणीच्या सीनमध्ये माझे वडील आहेत. ते तुमच्या गाडीतून शहरात गेले, असं गावात सांगतात. पुढे त्यांचं काय झालं?"

दिग्दर्शकानं ग्लास उचलला, पाणी प्यायला, ओठ पुसले. "हो, हो. फार गुणी माणूस. स्टेशनवर उतरला, मग काही गाठ पडली नाही."

"झालं समाधान?" म्हातारी पुटपुटली. "बस आता खाली."

मागून एका पोरानं विचारलं, "सर, एवढ्याशा पैशात रक्त इतकं खरं कसं काय दाखवलंत?"

दिग्दर्शकाचा चेहरा एकदम खुलला. सुटल्यासारखा तो बोलायला लागला. "अहो, कसलं खरं! कपडे रंगवायची पूड कोणीतरी फुकट दिली होती, तीच साखरेच्या पाकात कालवली. हिरवीगार! काळ्या-पांढऱ्यात हिरवं काय आणि लाल काय, सगळं काळंच दिसतं. अख्ख्या शूटिंगमध्ये आमच्याकडे लाल रंगाचा थेंबसुद्धा नव्हता."

हॉल खदखदून हसला. लेकही हसली आणि आईकडे वळली. म्हातारी आपले दोन्ही तळवे मांडीवर पुसत होती. घासून घासून पुसत होती, थांबतच नव्हती.