सांग, कुणी मारलं?

"मी म्हणते तेवढं लिहून द्या, डॉक्टर. पोरीला कुणीतरी मारलंय." आईने हे तिसऱ्यांदा सांगितलं. डॉक्टरबाई रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत होत्या आणि इकडे आईच्या अंगाचा तिळपापड होत होता. अहो, अंगभर काळेनिळे डाग धडधडीत दिसताहेत, त्यात रक्त कसलं तपासायचं?

न्यूमोनियातून उठून पोर कशीबशी हिंडूफिरू लागली होती. आई पुन्हा कामावर जायला लागली, दिवसभर पोर आत्याजवळ राहू लागली, आणि रोज संध्याकाळी अंगावर नवा डाग! आत्या म्हणे, मी बोटसुद्धा लावलं नाही. मग काय भुताने मारलं? बाबांनी बहिणीची बाजू घेऊन पाहिली, पण पोरीनेच नाव घेतल्यावर त्यांनीही माघार घेतली. न्यूमोनियात रात्ररात्र उशाशी बसलेली आत्या आज बॅग भरून घराबाहेर पडणार होती. पडू दे. असली माया काय चुलीत घालायची?

"सांग ना डॉक्टरांना." आईने पोरीचा दंड धरून तिला पुढे ओढलं. आईने आणखी घट्ट धरून हलवलं. घरी बरी बोलतेस, आता काय दातखीळ बसली?

तेवढ्यात रिपोर्ट आला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट फारच कमी होत्या. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. जंतूंमुळे फुप्फुसं आजारली की त्यानंतर एखाद्या मुलाच्या शरीराची गल्लत होते. ते आपल्याच प्लेटलेट मारत सुटतं. मग खेळताना पलंगाची कड लागली तरी डाग पडतो. आजच दाखल करू, औषधाने बहुतेक मुलं बरी होतात.

आईला हे पटेना. डाग आजाराचे, मग पोरीने आत्याचं नाव का घ्यावं? एवढीशी पोर खोटं बोलेल होय? ते नावही काही सहज निघालं नव्हतं. रोज संध्याकाळी दंड धरून, हलवून हलवून विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं होतं.

डॉक्टरबाईंनी पोरीची बाही वर सरकवली. दंडावरच्या जुन्या, पिवळट डागांवर ताजे लाल ठिपके उमटत होते. चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे. मघाशी तपासलं तेव्हा ते नव्हते.

"हे आत्ताचे आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "बाळा, कुणी धरलं होतं इथे?"

पोरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आत्याने."