सातवी ओवी

"आजी, सातवी ओवी परत म्हणा. नाव गाळलंत तुम्ही," धम्मपाल म्हणाला.

सकाळपासून तो तळेघरला फुलाबाईच्या ओट्यावर माईक मांडून बसला होता. धरणाखाली गेलेल्या त्याच्या गावावरचा अल्बम. सगळी गाणी झाली होती, राहिलं होतं ते चिमाजीचं. पाणी चढलं तेव्हा चिमाजीनं तीनदा उडी घेऊन पोरं काढली आणि चौथ्यांदा तो वर आलाच नाही. प्रेतही सापडलं नाही.

चिमाजी धम्मपालचा आजा. आजी कुशाबाईनं अडतीस वर्षं हातात बांगडी भरली नव्हती. वडील, सोमनाथ, त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. रविवारी घोडेगावात प्रकाशन होतं. बापानं आपल्या बापाचं नाव एकदा भरल्या सभेत ऐकावं, एवढ्यासाठी धम्मपालनं दोन वर्षं घासली होती.

गाव विखुरलं, कोण कुठं गेलं कुणाला ठाऊक. ओव्या येणारी फुलाबाई तेवढी सापडली, तीही एसटीच्या कंडक्टरमुळं.

"बांगड्या वाजतात, आजी. काढून ठेवता?"

"त्या न्हाई काढायच्या."

तिनं हात पदरात गुंडाळले आणि सूर लावला. तेवढ्यात आत कुणी खोकलं. ही तिसरी खेप वाया गेली.

"आमचं मालक. छातीचं दुखणं हाय," ती म्हणाली. मग पुन्हा गायली.

"तीन येळा पान्यात गेला, पोरं काढली वरती,
चवथ्या येळंला... न्हाई आला परती."

पुन्हा तेच. नावाच्या जागी नुसता हुंकार. धम्मपाल वैतागला. जिथं सगळं अडकलं होतं तिथंच म्हातारी विसरत होती.

"चिमाजी, आजी. चिमाजी म्हणा."

"ठावं हाय."

"मग घ्या की नाव! माझा आजा आहे तो."

फुलाबाईनं त्याचं तोंड नीट पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"कुशाचा नातू?"

"हो."

"हाय का ती?"

"आहे."

तिनं मान हलवली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आत पुन्हा खोकला उठला. ती उठली, तांब्यात पाणी ओतलं आणि दारात थांबली.

"ते नाव तू तुज्याच आवाजात घाल, बाबा. मालकाचं नाव मी कसं घेऊ?"